"मॅडम, ह्याचं तात्पर्य काय?" : भावी शिक्षक आणि मुलांची पुस्तकं

पाटीपेन्सिल

मी डी.एल.एड.च्या (जुन्या भाषेत डी.एड.च्या) एका कॉलेजात मराठी शिकवते. दर वर्षी पहिल्या आठवड्यात माझा एक ठरलेला उद्योग असतो. कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या आणि सांगायचं, पाठ्यपुस्तक सोडून मुलांची जेवढी पुस्तकं आठवतात तेवढी लिहा, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव येत असेल तर तेही. दहा मिनिटं देते. दोन मिनिटांत पेनं खाली.

यंदाच्या चिठ्ठ्या आत्ता समोर आहेत. 'श्यामची आई' जवळपास प्रत्येकीवर. मग अकबर-बिरबल, इसापनीती, तेनालीराम. तिघांनी छोटा भीम लिहिलंय. एकाने चक्क 'चौथीचं गाईड'. लेखकाच्या रकान्यात साने गुरुजी सोडले तर सगळा शुकशुकाट, चित्रकाराचा रकाना तर कुणी शिवलेलाच नाही. 'श्यामची आई' पूर्ण कुणी वाचलंय विचारलं तर चार हात वर आले, त्यातले दोन अर्धवट.

हे दर वर्षीचंच, त्याचं काही वाटत नाही आता. दुसऱ्या दिवशी मात्र मी टेबलावर वीसेक पुस्तकं मांडली आणि म्हटलं, हवं ते उचला, बसा, वाचा. शब्द नसलेलं एक चित्रपुस्तक होतं. एकीने ते दहा सेकंदात उलटून परत ठेवलं. "मॅडम, हे रिकामंय." दुसऱ्या पुस्तकात एक मुलगी खिडकीत बसून पावसाची वाट बघते, बाकी काही घडत नाही. ते वाचून एकजण म्हणाला, "छान आहे, पण ह्याचं तात्पर्य काय?" त्याच्या शेजारणीने लगेच वही काढली, "हे कुठल्या घटकाला जोडायचं?" आणि तिसरीने एक पुस्तक माझ्या हातात परत आणून दिलं, कारण त्यातली मुलगी आईला 'तू वाईट आहेस' म्हणते. "वर्गात वाचलं तर पालक भांडायला येतील ना."

गवार निवडायला बसावं तशी सगळी पुस्तकं निवडत होते. मजा येतेय म्हणून कुणी पान उलटलं नाही. एकही हसला नाही, आणि त्यातली दोन पुस्तकं तर हसून लोळण घ्यावी अशी आहेत.

बालसाहित्य आमच्या अभ्यासक्रमात आहे बरं का. 'बालसाहित्याची वैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न ही मुलं उत्तम सोडवतात. भाषा सोपी असावी, चित्रे आकर्षक असावीत, मूल्यांची रुजवण व्हावी. एकही पुस्तक न वाचता पैकीच्या पैकी.

इथे शिक्षक बरेच आहेत. तुमचा काय अनुभव?

---

झेडपीचा_मास्तर

ताई, तात्पर्य विचारणाऱ्या पोराला हसू नका. पहिलीपासून प्रत्येक गोष्टीखाली त्याला तेच विचारलंय आपण. बारा वर्षं ज्याचं उत्तर दिलं, तो प्रश्न तो तेराव्या वर्षी आपणहून विचारणारच.

आता शाळेतली बाजू सांगतो. एकोणीस वर्षं नोकरी झाली. शाळेत पुस्तकांचा गठ्ठा येतो. पहिलं काम शिक्का मारायचा. दुसरं काम डेडस्टॉक रजिस्टरला नोंद. तिसरं काम कपाट. किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरात. का? तर पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर हिशेब द्यायला लागतो. निर्लेखनाची, म्हणजे वस्तू रजिस्टरमधून रीतसर काढून टाकायची भानगड ज्याने केलीय त्याला माहीत. चाळीस रुपयांच्या पुस्तकासाठी चार कागद. त्यापेक्षा कपाट बंद बरं.

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलंय. पुस्तकं आहेतच हो, नवी कोरी आहेत. पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, त्या दिवशी कपाट उघडतं, मुलांच्या हातात पुस्तक देऊन फोटो निघतो, चारला परत आत.

तुमची मुलं आंतरवासितेला, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या सरावाला येतात तेव्हा हेच बघतात. कॉलेजात तुम्ही काय शिकवलं ते राहतं बाजूला. पुस्तक ही जपून ठेवायची वस्तू आहे हे त्यांना एका आठवड्यात कळतं.

---

उंटावरचा_शहाणा

नवा वेतन आयोग लागला की वाचतील सगळे. हलकेच घ्या.

---

झेडपीचा_मास्तर

उंटराव, ही पोरं अजून बेकार आहेत. आधी टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीची परीक्षा, मग भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट. कसला आयोग घेऊन बसलात.

---

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. तुम्हाला वाटेल इकडे चित्र वेगळं असेल. २००६ साली इथे टेरेसा क्रेमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाराशे प्राथमिक शिक्षकांना जवळपास तुमचाच चिठ्ठीचा प्रश्न विचारला होता. मुलांसाठी लिहिणारे सहा लेखक, सहा कवी आणि सहा चित्रपुस्तकवाले सांगा. लेखकांत रोआल्ड डालचा धो धो पाऊस. चित्रपुस्तकं करणाऱ्यांचं एकही नाव न सांगता आलेले शिक्षक जवळजवळ चौथा हिस्सा होते, आणि कवींची गत फार बरी नव्हती. हे सगळे नोकरीतले, रोज मुलांना वाचायला शिकवणारे लोक.

म्हणजे तुमच्याकडे साने गुरुजी, आमच्याकडे डाल. लहानपणी जे कानावर पडलं तेवढ्यावरच दोन्हीकडची शिदोरी.

अमेरिकेत २००४ मध्ये अ‍ॅपलगेट दांपत्याने भावी शिक्षकांची पाहणी केली. निम्म्याहून जास्त जणांना वाचनाची ओढच नव्हती. त्याला त्यांनी 'पीटर इफेक्ट' असं नाव दिलं. बायबलमध्ये देवळाच्या दाराशी भिकारी पैसे मागतो तेव्हा पीटर म्हणतो, जे माझ्यापाशी नाही ते मी तुला देऊ शकत नाही. त्यावरून.

---

पाटीपेन्सिल

थेम्सकाठी, आपल्याकडे त्याला देऊळ लागत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

पण आकड्यांबद्दल आभार. उद्या स्टाफरूममध्ये 'ग्रामीण भागातली पोरं आहेत हो, त्यांना काय वाचायचं असतं' असं कुणी म्हणालं की हे सांगेन.

---

निवृत्त_हेडमास्तर

धागा वाचला. थोडं विरोधात लिहितो, राग मानू नये.

तात्पर्याची एवढी चेष्टा कशाला? संस्कार हा शब्द तुम्हा नव्या लोकांना शिवीसारखा का वाटतो? साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं ते काय नुसती गंमत म्हणून? अमळनेरच्या शाळेत त्यांनी मुलं घडवली. वाचून रडू आलं तर ते संस्कारच झाले ना? उद्या शिक्षकाने वर्गात आईला वाईट म्हणणारी मुलगी वाचून दाखवायची आणि काही बोलायचंच नाही, हे मला पटत नाही.

---

चिंचोके

हेडमास्तर, आदर आहेच. पण त्याच पुस्तकातला श्याम पायाला माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावतो. हट्टी आहे, चोरी करतो, खोटं बोलतो. आज नवीन लेखकाने अशी मुलं लिहिली तर हीच मंडळी पुस्तक परत आणून देतील. श्याम गुणी बाळ असता तर ते पुस्तक कधीच विसरलो असतो.

आणि विंदा. २००३चं ज्ञानपीठ मिळालेला माणूस. त्याने मुलांसाठी लिहिलं तेव्हा पिशीमावशी आणि तिची भुतं आणली. त्या भुतांकडून काय संस्कार घ्यायचा?

---

निवृत्त_हेडमास्तर

चिंचोके, पदराचा दाखला बरोबर दिलात. मान्य.

एक आठवण सांगतो मग. १९७९ असावं. माझी दुसरीच शाळा, दोनशिक्षकी. दुसरे गुरुजी रजेवर, चार वर्ग माझ्या गळ्यात. पावसाने एक कौल सरकलेलं, मुलं सगळी कोरड्या कोपऱ्यात दाटीने बसलेली. शिकवणं शक्यच नव्हतं. माझ्या पिशवीत 'किशोर'चा अंक होता. बालभारतीचं मासिक, १९७१च्या बालदिनाला सुरू झालेलं, तेव्हा त्याचा दबदबा होता. त्यातली एक लांबलचक साहसकथा वाचायला घेतली. मुलांना गप्प ठेवायला, दुसरा काही उदात्त हेतू नव्हता. दुपारची सुट्टी झाली तरी कुणी उठेना. चौथीतला एक मुलगा डबा मांडीवर उघडून तसाच बसलेला, भाकरीचा तुकडा हातात, तोंडात घालायचं विसरलेला.

दुसऱ्या दिवशी मी त्या गोष्टीवर प्रश्न काढले. फळ्यावर पाच. त्या मुलाने एकाचंही उत्तर लिहिलं नाही. मी छडी दिली.

हे आज चाळीसेक वर्षांनी पहिल्यांदा कुणाला सांगतोय. तुमच्या धाग्याने आठवलं.

---

झेडपीचा_मास्तर

सर. 🙏

---

पुस्तकवाली_ताई

मी शाळांमध्ये पुस्तकं घेऊन फिरते. भावी शिक्षकांच्या कार्यशाळाही घेते. माझं निरीक्षण: चित्र वाचणं हा प्रकार त्यांना माहीतच नाही. सगळ्यांची नजर आधी अक्षरावर जाते. मजकूर संपला की पान संपलं. मांजर कुठे लपलंय, मागच्या पानावरचा दिवा ह्या पानावर का विझलाय, हे पहिलीतलं पोर दाखवतं आणि ताई म्हणतात, "अय्या, दिसलंच नाही!"

म्हणून मी आता भाषण देत नाही. जोड्या लावते, एकच पुस्तक दोघांत, आणि सांगते की मजकुरावर कागद धरा. फक्त चित्रांवरून गोष्ट एकमेकांना सांगा. सुरुवातीला लाजतात. मग आवाज वाढतो, भांडणं होतात, "नाही गं, तो चोर नाहीये, बूट बघ त्याचे." त्या भांडणानंतर तात्पर्याचा प्रश्न सहसा येत नाही.

माधुरी पुरंदरेंची पुस्तकं ह्या कामाला फार चांगली. चित्रं आणि शब्द एकाच माणसाचे, त्यामुळे चित्र नुसतं शब्दाची सजावट करत बसत नाही, वेगळं काही सांगत असतं. २०१४ला त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. कार्यशाळेत नाव विचारलं की एखाद-दुसरा हात वर येतो.

पुस्तकं महाग आहेत हे रडगाणं अर्धं खरं आहे. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट २०१५पासून फुकट आहे, मराठीत भरपूर. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत, तेही फुकट. हेडमास्तर, तुमचा तो अंकही सापडेल बहुतेक.

---

दुसरं_वर्ष

नमस्कार. मी छात्राध्यापिका आहे. ह्याच मॅडमच्या कॉलेजात आहे का ते सांगणार नाही. 'चौथीचं गाईड' मी लिहिलेलं नाही एवढं नक्की.

तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी धुळे जिल्ह्यातली. घरी अहिराणी. पहिली ते बारावी मला एकाही शिक्षकाने गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवलेलं नाही. घरात पुस्तक म्हणजे पंचांग आणि भावाचं पोलीस भरतीचं. मग मला 'मुलांची पुस्तकं सांगा' म्हटलं तर मी कुठून सांगणार? तुम्ही मला न शिकवलेल्या विषयाची परीक्षा घेताय.

पण गोष्टी नव्हत्या असं नाही. आजी रोज रात्री सांगायची. कानबाई ही आमच्याकडची देवी, तिच्या रोटांच्या दिवसात तर बायका रात्रभर गाणी म्हणायच्या, गोष्टी सांगायच्या, आम्ही पोरं गोधडीत जागी. त्या गोष्टींत सासू सुनेला विहिरीत ढकलायची. वाघ म्हातारीशी सोयरीक करायचा. एकदा एका राजाचं पोट फुटलं होतं आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. आजी मध्येच थांबायची आणि आम्ही ओरडायचो, "मंग काय व्हयनं?" तात्पर्य बित्पर्य काही नव्हतं. आजीला झोप आली की गोष्ट संपायची.

ह्या धाग्यावर येईपर्यंत मला कधी वाटलंच नाही की ते आणि बालसाहित्य एकाच जातीचं आहे. ते घरचं, हे शाळेचं. शाळेचं म्हटलं की त्यात बोध पाहिजे, शुद्ध मराठी पाहिजे, कुणी मरायला नको. आम्हाला कुणी असं लिहून दिलेलं नाही, पण माहीत असतं. पाठ घेताना माझं 'न' आणि 'ण' चुकतं, त्याचे गुण जातात. मोठ्याने वाचायचं म्हटलं की माझं सगळं लक्ष त्या 'ण'कडे. गोष्टीत काय चाललंय ते मलाच कळत नाही.

आणि मॅडम, एक खरं सांगू? टेबलावरची पुस्तकं मला आवडली होती. पण सगळ्यांसमोर लहान मुलांच्या पुस्तकाला हसले असते तर वर्गातल्या मुलांनी चिडवलं असतं. आम्ही एकोणीस-वीस वर्षांचे आहोत.

---

पाटीपेन्सिल

दुसरं_वर्ष, तू कुठल्याही कॉलेजातली असलीस तरी माझ्याच वर्गातली आहेस.

चिठ्ठ्यांचा उद्योग पुढच्या वर्षी असा करणार नाही. पहिला प्रश्न 'लहानपणी कुणी गोष्ट सांगितली, कुठली' असा असेल. ज्या भाषेत ऐकली त्या भाषेत सांगायची. हे मला इतकी वर्षं सुचलं नाही ह्याची लाज वाटतेय.

---

चिंचोके

दुसरं_वर्ष, प्रतिसाद वाचनखूण साठवला. ती वाघ आणि म्हातारीची सोयरीक वेगळा धागा काढून लिही ना. अहिराणीतच लिही.

बाय द वे, गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' कुणी काढलं नाही अजून. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गात गोष्टी सांगण्यापासून सुरुवात करतो. आमच्या वेळी डी.एड.ला त्यावर टीप यायची. आम्ही टिपेपुरतं वाचलं.

---

निवृत्त_हेडमास्तर

ताराबाई मोडक त्याच गिजुभाईंबरोबर भावनगरला होत्या. मग बोर्डी, कोसबाड, सोबत अनुताई वाघ. बडबडगीतं, गाणी, गोष्टी हे सगळं त्यांनी पाड्यावरच्या मुलांच्या बोलीतून आणि भोवतालातून उभं केलं. म्हणजे आपल्याच राज्यात झालेलं काम आहे. प्रशिक्षणात त्यांची जयंती साजरी होते, फोटोला हार घालतात.

मुली, तुझ्या 'ण'चे गुण कापणाऱ्यांत मीही एके काळी होतो.

---

उंटावरचा_शहाणा

मघाशी टवाळकी केली. माझी बायको अंगणवाडीत आहे. तिला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "आमच्याकडची पुस्तकं पोरांनी चावून खाल्लीत, पण गोष्टी सगळ्या पाठ आहेत त्यांना." बास, एवढंच.

---

झेडपीचा_मास्तर

चावलेली पुस्तकं रजिस्टरला कशी दाखवतात ते विचारून सांगा. मनापासून विचारतोय.

---

पुस्तकवाली_ताई

मास्तर, काही शाळांनी वर्गात दोरी बांधून पुस्तकं लटकवलीत आणि मुलांनाच देवघेवीची वही दिलीय. फाटलं तर मुलंच चिकटवतात. पहिल्या महिन्यात फाटतात, मग कमी होतं. रजिस्टरचं मात्र मुख्याध्यापकाने छातीवर घ्यावं लागतं, त्याला माझ्याकडे तोडगा नाही.

आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला क्वेस्ट संस्थेचं 'गोष्टरंग' जमलं तर बघा. तरुण नट आदिवासी भागातल्या शाळांत जाऊन मुलांच्या गोष्टी सादर करतात. विशीतली मुलं-मुली बेडूक झालेली बघितली की 'लोक हसतील' ही भीती जरा सैल होते.

---

दुसरं_वर्ष

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, माफ करा. आंतरवासिता चालू आहे.

मला तिसरीचा वर्ग मिळाला. ज्या सरांचा वर्ग आहे ते म्हणाले, शेवटची तासिका तुझी, काय ते कर. कपाट उघडायला मिळालं नाही, पण कपाटाखाली एक खोकं होतं, त्यात निर्लेखनाला काढलेली पुस्तकं. झेडपीचे सर, तुमची आठवण आली. त्यातलं एक घेतलं.

पहिल्या दिवशी 'न', 'ण' सांभाळत वाचलं. मुलं खिडकीबाहेर. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट आजीसारखी सांगितली, पुस्तक समोर धरून, मध्ये मध्ये अहिराणी घालून, आणि मगर तोंड उघडते त्या पानावर थांबले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो आठ दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, तो जोरात म्हणाला, "मंग?"

संपल्यावर मी काहीच विचारलं नाही. फार जड गेलं. तोंडात प्रश्न तयार होता, 'यावरून आपण काय शिकलो'. गिळला. तो मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "परत वाचा."

पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या आखणीच्या कागदात मूल्यमापनाचा रकाना असतो. त्यात मी 'परत वाचा म्हणाला' एवढंच लिहिलं. निरीक्षणाला आलेल्या सरांनी त्याखाली लाल पेनने रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलंय. गुण अजून कळले नाहीत.

---

पाटीपेन्सिल

ते टाचण फेकू नकोस.

---

थेम्सकाठी

पुस्तक कुठलं होतं? माझ्या वर्गातही दोन मराठी मुलं आहेत, मागवते.

---

दुसरं_वर्ष

ताई, नाव माहीत नाही. कव्हर आणि पहिलं पान गेलंय. मुलं त्याला 'मगरनं पुस्तक' म्हणतात.